कायमची नवी

मी, खाली सही करणारी, धंद्याने धुलाई-इस्त्रीवाली, वयाने सत्तरी ओलांडलेली, नवऱ्यामागे या दुकानाची एकटी मालकीण, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे आणि कोणाला काय ऐकून घ्यावे लागावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. खुब्याचे हाड मोडले होते, डोके नाही. हा फरक माझ्या मुलाला कळलेला नाही, म्हणून सुरुवातीलाच नमूद करते. डॉक्टर समोर बसले आहेत. त्यांनी मला वार, महिना, स्वतःचे वय असे बरेच काही विचारले. मी सगळे सांगितले आणि उलट विचारले, की गेल्या खेपेच्या पांढऱ्या कोटांचे बिल कधी चुकते करणार. त्यावर त्यांनी मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला लगेच लिहून दिला.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही, धाक नाही, फूस नाही. राग आहे. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, राग असं लिहू नका. उद्या कोणी म्हणेल, रागाच्या भरात केलं." मी म्हटले, "वर्षभर टिकतो त्याला भर म्हणत नाहीत, साहेब. लिहा." मग आठवले की लिहिणारी मीच आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात एकच ओळ होती: सर्व काही माझ्या मुलास. ते रद्द समजावे. ज्या बाईने ते केले तिचा मुलावर डोळे मिटून विश्वास होता. ती बाई आता राहिलेली नाही.

कलम पहिले. दुकानावरच्या दोन खोल्या, त्यांतले कपाट, पलंग, भांडी आणि शिलाईचे मशीन सूनबाईला द्यावे. चिरंजीवांना नव्हे, त्यांच्या बायकोला. ती राहू देईल तोवर ते राहतील. तिने काय केले म्हणून हे, ते पुढे कोटाच्या कलमात येईल. माझ्या घरात एकच माणूस असे निघाले की ज्याने न विचारता योग्य गोष्ट केली, आणि ते परक्या घरून आलेले होते.

कलम दुसरे. दुकानातल्या कपाटात कागदात गुंडाळलेली एक राखाडी पँट आहे. ती कोपऱ्यावरच्या गृहस्थांची. हे सभांमधून तरुण कामगारांच्या हक्कांवर भाषणे करतात आणि प्रत्येक शर्टामागे माझ्याशी घासाघीस करतात. "इतके पैसे? शेवटी इस्त्री ती पोरगीच करते ना?" असे एकदा मला म्हणाले. त्या दिवशी मी सूट दिली नाही आणि त्यांनी पँट नेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पँट त्यांना पोचवावी, बिलासकट. पुढे दुकानाच्या कलमात जे प्रकरण येईल, तशात मालक आणि कामगार यांचीच नावे निघतात, गिऱ्हाईक मात्र कायम नामानिराळे राहते, म्हणून हे कलम घातले. स्वस्त शर्ट सगळ्यांनाच हवा असतो.

कलम तिसरे, दुकान. हे लांबणार आहे. वकीलसाहेबांनी चष्मा पुसून घ्यावा.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली, मागचा बॉयलर, धुण्याची मशिने, इस्त्रीची चार टेबले, वाफेच्या इस्त्र्या, 'ताईंची लाँड्री' ही पाटी आणि मागच्या भिंतीवरची दोरी. दोरी मी मुद्दाम मालमत्तेत धरते आहे.

आमच्याकडे दोन रीती होत्या. दोन्ही यांनी पाडल्या. (कामाची पोरे मला ताई म्हणायची आणि यांना दादा, म्हणजे नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून ठेवले होते. आम्ही दोघे त्यावर आयुष्यभर हसलो.) पहिली रीत अशी, की नवीन पोरगा किंवा पोरगी आली की पहिल्याच महिन्यापासून पूर्ण पगार. शिकाऊ माणसाला पहिले सहा महिने अर्ध्या पगारावर ठेवायची मुभा तेव्हाही होती. यांनी ती कधी घेतली नाही. म्हणायचे, "पोरगी लहान आहे म्हणून तिच्या हातातली इस्त्री कमी तापते का?"

दुसरी रीत दोरीची. कपडा जळाला तर भरपाई दुकान करणार, पगारातून दमडी कापायची नाही. पण जळका कपडा मागच्या दोरीवर टांगायचा, कायमचा. दोरीवरचा पहिला टॉवेल माझा होता. नवीन माणूस आले की आधी त्याला तिथे उभे करायचे आणि सांगायचे, बघ, इथे सगळ्यांनी जाळून झाले आहे, मालकिणीनेसुद्धा, आता तू घाबरू नकोस. ज्याचा हात भीतीने थरथरतो तोच कपडा जाळतो. हे माझे आयुष्यभराचे शिक्षण आहे आणि ते फुकट देते आहे.

ओझे नव्हते असे मी म्हणणार नाही. विजेचे बिल, पाणीपट्टी, बॉयलरची दुरुस्ती. घरोघरी मशिने आली. मग मोठ्या कंपन्यांच्या गाड्या दारात येऊन कपडे नेऊ लागल्या, आणि आमच्या साबणाच्या खर्चात त्या कपडे धुऊन, इस्त्री करून परत आणून देतात. पहिल्या तारखेला आधी पोरांचे पगार, मग वीज, मग पाणी, आणि उरले तर आमचे घर. पुष्कळदा उरायचे नाही. मग मी यांच्याकडे बघायचे आणि हे छताकडे बघायचे. पण पोरांना कधी "पुढच्या आठवड्यात" म्हणावे लागले नाही.

आता समोरच्या दुकानाबद्दल. समोरच्या दुकानाची मालकीण माझ्या हाताखाली तयार झाली. सोळा-सतराची असताना आली होती. तिने खळ घातलेली कॉलर टेबलावर ठेवली तर उभी राहायची, म्हणून तिला सगळे कडक म्हणू लागले, आणि पुढे ती वागण्यातही कडक निघाली. मला मुलगी नाही. ती उणीव मला ज्या वर्षांत जाणवली नाही ती कडक माझ्याकडे असतानाची. तिने रस्त्यापलीकडे स्वतःचे दुकान काढले तेव्हा लोक म्हणाले, ताई, सापाला दूध पाजलेत. मी त्यांच्याशी भांडले. तिला दोन टेबले मी दिली आणि माझी पितळी मुठीची जुनी इस्त्री दिली. रस्त्यावर दोन दुकाने चालतील एवढे लोक मळके कपडे घालतात, असे मी म्हणायचे.

मग हे गेले. त्यानंतर मी साबणाच्या पाण्यावरून घसरले आणि तीन-साडेतीन वर्षे बिछान्याला खिळले. दुकान चालवायला म्हणून चिरंजीवांना मुखत्यारपत्र दिले. खालून वाफेचा आवाज यायचा, गाठोडी पडल्याचा आवाज यायचा, आणि मला वाटायचे सगळे ठीक चालले आहे. चिरंजीव संध्याकाळी वर येत, पाय चेपत, कधी एखादा कागद पुढे करत. "आई, विजेच्या मीटरचं आहे, इथे सही." मी करत असे. पाय चेपणाऱ्या मुलाचा कागद कोण वाचते?

तिसऱ्या वर्षी एक पोरगी मला वर स्वच्छ चादरी आणून द्यायची. काम मन लावून करणारी, तोंडाची मात्र फटकळ. चादर अशी घालायची की सुरकुती शोधावी लागे. सगळे तिला नवी म्हणायचे. मग काही महिने ती दिसली नाही, दुसरी यायला लागली. मी विचारले तर चिरंजीव म्हणाले, "सोडून गेली. आजकालची पोरं टिकत नाहीत." मला वाईट वाटले. पुढे एका सकाळी नवी पुन्हा चादरी घेऊन दारात उभी. पण अंगावर हिरवा एप्रन. आमचा एप्रन निळा, समोरचा हिरवा.

मी म्हटले, "कडककडे लागलीस होय? आणि तिने तुला माझ्याकडे कशाला पाठवलं?"

नवीने एप्रनकडे बघितले आणि जीभ चावली. "अगं बाई! नाही ताई, मी आजपासून परत इकडची. एप्रन बदलायचा राहिला."

"परत म्हणजे?"

"म्हणजे सहा महिने झाले ना तिकडे. आता इकडे नवी."

"तू तर आधी इथेच होतीस."

"हो, तेव्हाही नवीच होते," ती म्हणाली. "ताई, मी तीन वर्षं झाली नवीच आहे. दोन्हीकडे."

मला आधी हसू आले. मग तिने चादर घालता घालता सगळे सांगितले, पोरे शाळेचे वेळापत्रक सांगतात तसे. शिकाऊचे सहा महिने संपत आले की चिरंजीव पोराला काढून टाकत. दुसऱ्या दिवशी कडक त्यालाच शिकाऊ म्हणून घेई. तिच्याकडचे सहा महिने भरले की ती काढी आणि आम्ही घेऊ. अशी सगळीच पोरे रस्ता ओलांडत होती. चुण्यांचा घागरा मालकिणीपेक्षा चांगला इस्त्री करणारी पोरगी, आणि कागदावर कायम शिकाऊ, कायम अर्ध्या पगारावर. पोरांच्या पिशवीत दोन्ही रंगांचे एप्रन असत. रस्ता बारा पावलांचा असेल नसेल, पण त्यांना तो कधी पुरता ओलांडता आला नाही. कपडा जळाला तर आता पैसे कापत, आणि दोरी रिकामी होती. चिरंजीवांनी जळके कपडे काढून त्यांची पोतेरी केली होती.

मी चिरंजीवांना वर बोलावले. ते आले, बसले, पाय चेपायला हात पुढे केला. मी पाय ओढून घेतला.

ते म्हणाले, "आई, यात बेकायदेशीर काहीच नाही. वकिलाला विचार."

"वकिलाला नंतर विचारते. तुला विचारते आहे."

"विजेचं बिल बघितलंस? ते गाडीवाले शर्टामागे किती घेतात माहीत आहे? पूर्ण पगार द्यायचा तर चारातली दोन पोरं घरी बसवावी लागतील. मी कोणाला घरी बसवलं का? सगळ्यांच्या हाताला काम आहे. इकडे नाही तर तिकडे."

"आणि माझं नाव?"

"तुझं नाव कुठे आलं यात?"

"पाटीवर," मी म्हटले.

पाटीवरच नव्हे, पोरांना काढल्याच्या प्रत्येक कागदावर मालकीण म्हणून माझी सही होती. विजेच्या मीटरच्या म्हणून केलेल्या त्या सह्या. दर वर्षी एकदा मी नवीला कामावरून काढत होते आणि तिनेच घातलेल्या चादरीवर झोपत होते.

चिरंजीव बोलले ते सगळे खोटे नव्हते, म्हणून ते जास्त लागले. बिले खरी होती, गाड्या खऱ्या होत्या. मालकाचे ओझे मी ऐकून शिकलेले नाही. पण ओझे जड झाले म्हणून ते सगळ्यांत लहान पोरीच्या डोक्यावर द्यायचे आणि आपण मोकळ्या हाताने पुढे चालायचे, याला मी धंदा म्हणत नाही. एकही महिना चिरंजीवांनी स्वतःच्या घरखर्चाला हात लावला नव्हता. कोरी फटफटी दारात उभी होती. आणि हे सगळे मला विचारून केले असते, भांडून केले असते, तर मी आज या सुरात लिहिले नसते. माझे पाय चेपत केले. केसाने गळा कापणे म्हणतात ते याला. पोटच्या पोराने कापला म्हणून कमी दुखत नाही.

मुखत्यारपत्र मी त्याच आठवड्यात रद्द केले. नवीला वर बोलावून सांगितले, "उद्यापासून पूर्ण पगार. आणि आता रस्ता ओलांडायचा नाही."

मला वाटले होते ती हसेल. तिचा चेहरा पडला.

"नका हो ताई," ती म्हणाली. "मला अर्ध्यावरच राहू द्या."

"वेडी आहेस का?"

"वेडी नाही म्हणून म्हणते. तुम्ही आहात तोवर तुम्ही द्याल. तुमच्यानंतर साहेब मला पहिल्याच दिवशी काढतील. मग कडकबाई पण नाही घेणार. म्हणतील, हिला पूर्ण पगाराची चटक लागली. मग मी जाऊ कुठे? अर्धा पगार आहे, पण कायमचा तरी आहे."

चटक. हा शब्द तिने वापरला, स्वतःच्या कमाईबद्दल. त्या रागाचे काय करावे ते मला कळले नाही. मी तिला ओरडून खाली पाठवले, आणि मग बसून रडले. हे मृत्युपत्र त्या एका प्रश्नासाठी आहे: तुमच्यानंतर काय? बाकीची कलमे वाटेत आली म्हणून लिहिली.

तर माझ्या पश्चात दुकानाचे असे व्हावे. नवी आता या दुकानाची मुख्य कारागीर आहे आणि तिने स्वतः सोडेपर्यंत राहील. तिला काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. चिरंजीवांना दुकान मिळेल, पण एकदम नाही. आयत्या बिळावर नागोबा होता येणार नाही. त्यांना आजतागायत साधा रुमाल इस्त्री करता येत नाही, ते फक्त गल्ल्यावर बसत आले. तेव्हा त्यांनी पहिले सहा महिने नवीच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काम करावे, अर्ध्या पगारावर, निळा एप्रन घालून. त्या काळात दुकान व्यवस्थापक म्हणून वकीलसाहेबांच्या ताब्यात राहील. काम आले की नाही हे नवी ठरवील. नाही म्हणाली तर पुढचे सहा महिने. त्यांनी कोणाचाही कपडा जाळला तर भरपाई दुकान करील, पगारातून काही कापू नये, तेवढी आमची रीत आहे. कपडा दोरीवर टांगावा. दोरी पुन्हा बांधून घेतली आहे.

त्यांनी हे नाकारले, किंवा नवीला काढले, किंवा पुन्हा कोणा पोराला रस्ता ओलांडायला लावले, तर दुकान विकावे आणि आलेली रक्कम ज्या ज्या पोरांनी रस्ता ओलांडला त्यांना वाटावी.

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, हे कोर्टात कितपत टिकेल, सांगता येत नाही." मी त्यांना विचारले, माझी सही असलेल्या त्या कागदांनी पोरांना काढले ते टिकले ना? मग हेही टिकवा. फी तुम्ही पूर्ण घेता.

कलम चौथे, बँकेतली शिल्लक. फार नाही. आमच्या बाजूला असताना पोरांचा जो अर्धा पगार राहिला तो आधी त्यातून चुकता करावा, नवीचा सगळ्यांत आधी. उरले तर बॉयलर बदलावा. तो खोकतो आहे आणि मालकाच्या ओझ्यात त्याचाही वाटा मोठा आहे. चिरंजीवांना रोख काही नाही. त्यांच्याकडे फटफटी आहे.

हे कलम लिहीत होते तेव्हा नवी चहा घेऊन वर आली. मी वकीलसाहेबांना म्हटले, साक्षीदार हवा ना, हिला सही करता येते. ते म्हणाले, जिला यातून काही मिळणार आहे तिची साक्ष चालत नाही. नवीने विचारले, "मला काही मिळणार आहे?" आणि कपबशा हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणून साक्षीला शेजारचे किल्लीवाले बोलावले आहेत.

कलम पाचवे, कोट. दोरीवर यांचा एक कोट होता, राखाडी लोकरीचा, लग्नात घातलेला, त्यांच्याकडे होता तेवढा एकच चांगला. कडक नवीन असताना तिने तो पाठीवर जाळला. इस्त्रीचा सबंध तळ उमटला, टोकासकट. पोरगी बॉयलरच्या मागे जाऊन बसली, बाहेर येईना. मग यांनी तो कोट अंगात घातला आणि दिवसभर तसेच दुकानात वावरले. गिऱ्हाईक आले की पाठ करायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे शिक्का मारून मिळतो." शेवटी ती हसली. संध्याकाळी कोट दोरीवर गेला. त्या महिन्याचा तिचा पगार पूर्ण होता.

चिरंजीव दोरीवरचे कपडे उतरवत होते तेव्हा सूनबाईने हा एक कोट उचलला आणि स्वतःच्या गादीखाली ठेवला. मला सांगितले नाही, त्यांनाही नाही. मी चालायला लागल्यावर आणून दिला. "आई, हा पोतेऱ्यासारखा नाही वाटला मला," एवढेच म्हणाली.

तो कोट घेऊन मी चार पायांच्या काठीवर रस्ता ओलांडून कडककडे गेले. ती गल्ल्यावर होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले. मी कोट टेबलावर ठेवला. तिने डाग ओळखला, पण हात लावला नाही.

"हे माझ्या मुलाने केलं असतं तर मी समजू शकले असते," मी म्हटले. "त्याला कोणी कधी अर्धं दिलं नाही. तू कसं केलंस?"

तिने आवाज चढवला नाही. "ताई, तुमच्याच दुकानात शिकले मी हिशोब. तुम्ही सगळ्यांना पूर्ण पगार द्यायचात, तो कुठून यायचा? दादा रात्री गोदामावर राखण करायचे. सकाळी डोळे लाल घेऊन बॉयलर पेटवायचे. तुमचा चांगुलपणा त्यांच्या रात्रपाळीवर चालायचा. माझ्याकडे दादा नाहीत. मी एकटी आहे, भाड्याची जागा आहे. मी कुठून आणू?"

ती खरे बोलत होती. यांची रात्रपाळी दुकानातल्या कोणाला माहीत नाही असे मी समजत होते. मी कोट उचलून निघाले. उत्तर सुचले ते रस्त्याच्या मध्यावर, गाडीवाला भोंगा वाजवत असताना, आणि तेव्हा परत वळणे पायांना जमले नाही. ते इथे लिहिते, म्हणजे तिला वाचून दाखवता येईल.

अगं, यांच्या रात्रपाळीतून ज्या पोरीचा पगार निघाला ती तूच होतीस. हे तुला माहीत होते. त्यांचे लाल डोळे तू रोज बघत होतीस आणि त्यातून तू एवढेच शिकलीस की असे आपण करायचे नाही. तुला परवडत नव्हते तर माझ्याकडे यायचे होते. आपण दोघी मिळून गाडीवाल्यांशी भांडलो असतो, दर वाढवले असते, त्या भाषणवाल्याच्या दारात जाऊन बसलो असतो. तू माझ्याकडे न येता माझ्या मुलाकडे गेलीस. मी वर बिछान्यात होते, एक जिना चढायचा होता. मुलगा दगा देतो तेव्हा आई स्वतःला दोष देऊन तरी मोकळी होते. तुझ्या बाबतीत मला तेवढीही सोय नाही, कारण तुला मी जन्म दिला नव्हता, निवडले होते.

कोट कडकला द्यावा. तो तिने आपल्या दुकानात पोरांना दिसेल असा टांगावा, असे मी लिहिणार होते. वकीलसाहेब म्हणतात, तशी सक्ती करता येत नाही. मग सक्ती नको. नुसता द्यावा. पितळी मुठीची इस्त्री मी परत मागत नाही.

कलम सहावे आणि शेवटचे. मी गेल्यावर माझ्यावर घालायची पांढरी चादर कपाटाच्या खालच्या खणात आहे. धुतलेली आहे, इस्त्री केलेली नाही. कोणी गेले की घरात धावपळ होते आणि अशा वेळी लोक गरिबाकडून काम फुकट करून घेतात, प्रेमाच्या नावाखाली. नवी म्हणेल, राहू द्या, ताईंचे कसले पैसे घ्यायचे. तिचे ऐकू नये. चादर तिनेच इस्त्री करावी. तिचा हात थरथरला आणि चादर जळली तर तीच घालावी, डाग वरच्या बाजूला ठेवून. दोरीवर टांगता येणार नाही तेवढे एक चालवून घ्यावे.

इस्त्री झाली की चिरंजीवांनी तिची मजुरी स्वतःच्या हाताने, जमलेल्या सगळ्यांसमोर, मुख्य कारागिराच्या पूर्ण दराने तिच्या हातात द्यावी. सुट्टे नाहीत म्हणू नये, उद्या बघू म्हणू नये. मजुरी तिच्या हातात पडेपर्यंत मला उचलू नये. उशीर झाला तर होऊ दे. मी थांबेन.

हे सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड झाली आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत. यावेळी सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाचले आहे.

सही: ताई, मालकीण

साक्षीदार पहिले: डॉक्टर (कोटांचे बिल आज चुकते केले)
साक्षीदार दुसरे: शेजारचे किल्लीवाले

मसुदा तपासणार व मृत्युपत्राचे व्यवस्थापक: वकीलसाहेब

ठिकाण: दुकानावरची खोली, रस्त्याकडच्या खिडकीपाशी
दिनांक: महिन्याची पहिली तारीख, खाली पगार वाटून झाल्यावर